डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांच्या बाळाची आई



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे आणि एक आरोग्यविषयक लेख असावा, हा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा ही दोन्ही कामे चिटणीसबाईंनी माझ्याकडेच सोपविली. आरोग्याचा विषय ठरला होता तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध आणि बाळंतिणीची पथ्ये. चरित्र ठरले होते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. लिहावयास बसले तेव्हा ध्यानात आले की हे दोन लेख नाहीतच. आनंदीबाई डॉक्टर का झाल्या ते सांगू लागले की बाळंतिणीच्या खोलीतूनच सुरुवात करावी लागते, आणि त्यांच्या आयुष्याचा शेवट सांगू लागले की स्त्रीने स्वतःच्या शरीराची काळजी घेण्याचा प्रश्न पुढे उभा राहतो. म्हणून एकच लेख लिहिला आहे. पाने थोडी जास्त झाली, त्याबद्दल चिटणीसबाई रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचे नाव यमुना. घरात सगळे यमू म्हणत. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी. घराला पूर्वीचे वैभव होते, पण यमूच्या लहानपणी ते ओसरले होते. नवव्या वर्षी, म्हणजे 1874 साली, तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, बिजवर, आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले. गोपाळरावांची लग्नाला अट होती ती एकच : बायकोला शिकवू द्यावे. त्या काळी नवरा हुंड्यासाठी अडून बसे, हा गृहस्थ पाटीपुस्तकासाठी अडून बसला. पण त्यांचा स्वभाव तापट होता. अभ्यास टाकून बायको स्वयंपाकघरात दिसली की ते हातही उगारीत. शिक्षणाचे थोर कार्य करणारा पुरुष घरात असाही वागू शकतो, हे आपण बायकांनी झाकून ठेवण्याचे कारण नाही. गोपाळरावांवाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हेही तितकेच खरे.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे थेट कलकत्ता. ह्या भटकंतीतच आनंदी चौदा वर्षांची असताना तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि मूल गेले. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. हे मूल तेवढेही राहिले नाही.

चरित्रकार हे दोन ओळींत सांगतात आणि पुढे अमेरिकेच्या बोटीकडे जातात. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. ज्या बाईने घरातले तान्हे मूल गमावले आहे तिला हे सांगावयास नको. मूल जाते, पण अंगावरचे दूध जात नाही. ते आणखी काही दिवस येतच राहते, पदर भिजतो, छाती दाटून ठणकते. चौदा वर्षांच्या पोरीने हे सोसले असणार. आठवी-नववीत जाणारी आपली मुलगी डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल. तिचे स्वतःचेच हाड अजून वाढत असते. अशा कोवळ्या आईची मुले कमी वजनाची आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचा धोका अधिक असतो, हे आज वैद्यकशास्त्राने नक्की केले आहे. कारण वाढणारी आई आणि वाढणारे पोटातले मूल एकाच ताटातले जेवत असतात.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने 1929 साली चौदा झाले, 1978 साली अठरा झाले. तरी 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. शंभरात बावीस. आपल्या मंडळाच्या सभासदांनी आपापली गल्ली आठवून पाहावी.

मूल गेल्यावर रडून मोकळे व्हावे आणि दैवाला बोल लावावा, ही तेव्हाची रीत होती. आनंदीबाईंनी निराळा विचार केला. स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे जाऊन आपले दुखणे सांगत नाहीत, स्त्री डॉक्टर देशात जवळजवळ नाहीत, म्हणून बायका आणि त्यांची मुले उगाच मरतात. तर मग आपणच डॉक्टर व्हावे. गोपाळरावांनी 1878 साली कोल्हापुराहून अमेरिकेतल्या एका मिशनरी गृहस्थांना बायकोच्या शिक्षणासंबंधी पत्र लिहिले होते. ते तिकडच्या मासिकात छापून आले आणि न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर ह्या बाईंच्या वाचनात आले. ह्या बाईंनी कधी न पाहिलेल्या आनंदीला पत्र लिहिले. पत्रापत्रीतून मावशी-भाचीचे नाते जडले, ते अखेरपर्यंत टिकले. कलकत्त्यास आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, धाप लागणे, असे चाले. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. हे दुखणे मनात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात ह्या सतरा वर्षांच्या बाईने भर सभेत, आपण अमेरिकेस का जातो आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत कशा येणार, हे स्पष्ट करून सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. बरोबर नवरा नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्या वर्षीच फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथल्या प्रमुख रेचेल बॉडले यांनी त्यांना पोटच्या मुलीसारखे सांभाळले. त्या महाविद्यालयातले 1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात शेजारी शेजारी आहेत.

11 मार्च 1886 रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. शिकण्यासारखे विषय शंभर होते. आनंदीबाईंनी निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. एका बाजूला आयुर्वेदाचे जुने ग्रंथ, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतली नवी पाठ्यपुस्तके, असा आधार घेऊन तो लिहिला आहे. हा विषय त्यांनी सहज निवडला असेल असे मला वाटत नाही.

आता त्या जुन्या ग्रंथांत बाळंतीण आणि अंगावरचे दूध यांविषयी काय आहे, ते पाहू. आपल्या घरातल्या कितीतरी चाली तेथून आल्या आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या ठेवाव्या नि कोणत्या टाकाव्या हा प्रश्न आपल्या सुनांच्या बाळंतपणात रोज उभा राहतो.

सुश्रुताने लिहून ठेवले आहे की बाळंतिणीला दूध उतरते ते तिसऱ्या-चौथ्या रात्री. निरीक्षण अगदी बरोबर आहे. पुष्कळ दूध येते ते त्याच सुमारास. मग तोवर बाळाला काय द्यावयाचे? सुश्रुत मध आणि तूप चाटवावयास सांगतो. चरकाने मात्र मधतुपाचा संस्कार झाला की लगेच बाळाला उजव्या बाजूस पाजावयास घ्यावे असे सांगितले आहे. म्हणजे दोन थोर आचार्यांतच एकमत नव्हते. आपल्या आज्यांनी चरकाचे ऐकले असते तर फार बरे झाले असते! कारण आज आपल्याला ठाऊक आहे की पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला काहीच येत नाही असे नसते. थोडे, घट्ट, पिवळसर असे चिकाचे दूध येते. चमचा-दोन चमचेच येते, पण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही चेरीच्या फळाएवढे लहान असते. त्याला तेवढे पुरते. रोगापासून रक्षण करणारी द्रव्ये ह्या चिकात भरपूर असतात. बाळाची ती पहिली लसच म्हणा.

हा चीक पिळून टाकण्याची चाल आपल्याकडे कितीतरी घरांत होती. मला ह्याचे नवल वाटते ते असे. आपण राहुरीकर बायका गाईम्हशींत वाढलेल्या. गाय व्याली की वासराला पहिल्या तासाभरात चीक पाजलाच पाहिजे, नाहीतर ते हगवणीने जाईल, हे गोठ्यातल्या गड्यालाही ठाऊक असते. आपल्या गावाजवळच्या कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणीसारखी संकरित गाय तयार केली. तेथे चौकशी केलीत तर वासराच्या संगोपनात पहिला धडा हाच सांगतील. उरलेल्या चिकाचा खरवस करून आपण शेजारीपाजारी वाटतो. गाईचा चीक एवढा मोलाचा, आणि आपल्या लेकीचा तेवढा जड, पचावयास वाईट? हे गणित कोणी कधी घातले कोण जाणे.

ह्यात अडाणी-शहाणी असा भेद नाही. त्याच पाहणीप्रमाणे आता देशात शंभरातली 88 हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण जन्मल्यावर तासाच्या आत अंगावर पाजलेली मुले शंभरात 42 च. दवाखाना आला, पण पहिला तास आला नाही. आई शुद्धीवर येऊ दे, अंघोळ होऊ दे, सासूबाई येऊ देत, मुहूर्त होऊ दे, मग पाजू, अशात तो तास निघून जातो. पोट फाडून मूल काढले असले तरी आईला कुशीवर वळवून बाळ लावता येते, फक्त शेजारी बसून मदत करणारे माणूस हवे. बाळ ओढते म्हणूनच दूध उतरते. आधी दूध येईल आणि मग बाळ लावू, ही समजूत उलटी आहे. शिवाय बाळाच्या ओढण्याने आईचे गर्भाशय आवळले जाते आणि रक्तस्राव कमी होतो. म्हणजे पहिल्या पाजण्यात आईचेही रक्षण आहे.

मध मात्र आता नको. मधात क्वचित असे जंतू असतात की ते मोठ्या माणसाला बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतील मुलाला त्यापासून लुळेपणाचा भयंकर रोग होऊ शकतो. गुटी, गाईचे वरचे दूध, साखरेचे पाणी, यांतले काहीच पहिले सहा महिने नको. साधे पाणीसुद्धा नको. हे ऐकून आपल्याकडच्या वडीलधाऱ्या दचकतात, कारण राहुरीचा वैशाख त्यांना ठाऊक आहे. पण अंगावरच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असते. तहान लागली की बाळ पुन्हा मागते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा वेळा तरी लंगोट ओला करीत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे. ते रडले की दूध कमी पडते असे म्हणून बाटली आणणे ही घाई आहे. आनंदीबाई दोन वर्षांच्या होत्या तेव्हा, 1867 साली, स्वित्झर्लंडमध्ये आंरी नेस्ले यांनी तान्ह्या मुलांसाठी पीठदुधाचा आहार तयार केला. आईवाचून राहिलेल्या मुलांना अशा दुधाचा आधार झाला, हे मान्य. पण पुढे जाहिरातींनी चांगल्या दूध येणाऱ्या आयांच्या मनातही संशय भरला, इतका की आपल्या देशाला 1992 साली कायदा करून डब्याच्या आणि बाटलीच्या जाहिराती बंद कराव्या लागल्या.

सुश्रुताचे दुसरे एक सांगणे मला फार मोलाचे वाटते. राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी दूध आटते, असे त्याने म्हटले आहे. भुकेल्या, दमलेल्या, शोकाने पोळलेल्या बाईने पाजू नये, असेही सांगितले आहे. आजचे डॉक्टर पाजणे बंद करावयास सांगत नाहीत. साध्या तापातही पाजावे असे सांगतात. पण मनाचा ताण असला की आलेले दूधही बाहेर यावयास अडते, हे शास्त्राला मान्य आहे. मी सुश्रुताचा अर्थ असा घेते : बाई भुकेली राहू नये, दमू नये, तिला घालूनपाडून बोलू नये. तुझ्या अंगाला दूधच नाही, असे येताजाता म्हणणारी एखादी आत्याबाई घरात असली म्हणजे खरोखरच पान्हा आटतो. मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावे.

दूध वाढविण्यासाठी सुश्रुताने सांगितलेली यादी पाहिली तर ती मुख्यतः चांगल्या अन्नाची यादी आहे. जव, गहू, साळीचा भात, मांसरस, मासे, लसूण, शिंगाडे, शतावरी. उपासाचे नाव नाही! आणि आपल्याकडे बाळंतिणीला काय मिळते? काही घरांत दृष्ट लागेल इतके लाड होतात : अळिवाची खीर, डिंकाचे नि मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, बाजरीची भाकरी नि शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा. ही चाल सोन्यासारखी आहे, सोडू नका. पण काही घरांत पथ्याच्या नावाखाली डाळ नको, फळ नको, भाजी नको, पाणीसुद्धा मोजून, असा प्रकार चालतो. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज नेहमीपेक्षा सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मोजमाप आहे. सोप्या भाषेत सांगावयाचे तर रोज एक जेवण जास्तीचे. पाणी तहानेइतके, भरपूर. खोलीत शेगडी पेटवून दारेखिडक्या लावून घेण्याची चालही बंद करावी. धूर बाळाच्या छातीला वाईट, आणि कोंडलेल्या शेगडीने जीव गुदमरतो.

लोहाच्या गोळ्यांचा मुद्दा अगदी आपल्या घरचा आहे. गरोदरपणी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस ह्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. बाळंतपण झाले की बायका त्या फळीवर टाकतात. आपल्या देशात शंभरातल्या 57 बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. बाळंतपणात गेलेले रक्त कोठून भरून यावयाचे? गोळी घेऊन त्यावर लगेच चहा घेतला तर तिचा उपयोग कमी होतो, एवढे ध्यानात ठेवावे. आणि मशेरी. ह्या विषयावर सभेत कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. सकाळी दात घासावयाच्या निमित्ताने तोंडात घातलेली मशेरी ही तंबाखूच आहे. तिचे विष रक्तात जाते, तेथून दुधात उतरते आणि बाळाच्या पोटात जाते. पोटात असताना त्याच विषाने बाळाचे वजन घटते. घरातल्या मोठ्या बायकांनीच डबी लपवून न ठेवता टाकून दिली तर सुनेला सांगावे लागणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मी मुळाकाठच्या एका उसाच्या फडाशेजारी, तोडणी कामगारांच्या कोप्यांवर गेले होते. एक मुलगी मोळ्या बांधीत होती. बाळ बाभळीला बांधलेल्या झोळीत. विचारले तर बाळंत होऊन तेरावा दिवस. पाजावयास केव्हा जातेस म्हणून विचारले, तर गाडी भरली की, असे उत्तर आले. तिला मी कोणते पथ्य सांगावयाचे? पहाटे चारला उठून ती सर्वांच्या भाकरी थापते आणि स्वतः चहाबरोबर शिळी खाते. बरोबर नेलेले डिंकाचे लाडू तिच्या हातात दिले, तर तिने एक खाल्ला आणि बाकीचे नवऱ्यासाठी नि थोरल्या पोरासाठी पदरात बांधले. पक्क्या नोकरीतल्या बायकांना 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावरच्या बाईला बाभळीची सावली आहे. साखर मात्र दोघींच्याही चहात एकच पडते.

तिने लाडू पदरात बांधले ही सवय एकट्या तिचीच नाही. आपणा सर्वांची आहे. आधी सर्वांचे होऊ दे, मग माझे. आणि येथे मी आनंदीबाईंकडे परत येते.

फिलाडेल्फियाची थंडी हाडे गोठविणारी. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. आपण बदलणार नाही असा शब्द देशबांधवांना दिला होता, तो पाळावयाचा होता. तिकडचे अन्न सवयीचे नाही, इकडचे मिळत नाही, अभ्यासाचा भार मोठा. आधीचाच अशक्तपणा, ताप, धाप. त्यातच क्षयाने गाठले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी नुकताच, 1882 साली, शोधून काढला होता. पण त्याच्यावर गुणकारी औषध यावयास आणखी साठ वर्षे लागली. चांगले अन्न, विश्रांती, मोकळी हवा एवढेच उपाय तेव्हा होते, आणि आनंदीबाईंनी नेमके तेच स्वतःसाठी कधी मागितले नाही. शब्द पाळणे थोर खरे. पण प्रकृतीसाठी एखादा शब्द मोडला असता तर बिघडले नसते, असे माझे मत आहे. कोणास ते पटणार नाही, न पटो.

(क्षयाचे नाव निघाले म्हणून सांगते. आज क्षयाचे उपचार घेणाऱ्या आईलाही बहुधा बाळाला अंगावर पाजता येते. औषधे नियमित घ्यावी, खोकताना तोंडावर कापड धरावे आणि बाळाला काय द्यावयाचे ते डॉक्टरांना विचारावे. घाबरून बाळ तोडू नये.)

पदवी मिळताच कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून नेमले. 1886 च्या अखेरीस त्या गोपाळरावांबरोबर परत आल्या. मुंबईत त्यांचे मोठे स्वागत झाले, पण स्वागत स्वीकारणारी बाई अंथरुणाला खिळण्याच्या बेतात होती. पुण्यात माहेरच्या माणसांत त्यांना ठेवले. औषधपाण्याची शर्थ झाली, गुण आला नाही. समुद्र ओलांडला म्हणून एका नामवंत वैद्याने त्यांना तपासण्याचे टाळले, अशीही हकीकत सांगतात. स्त्रियांना वैद्याची मदत मिळत नाही म्हणून जी सातासमुद्रांपलीकडे गेली, तिच्याच वाट्याला हे यावे!

26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हावयास महिनाभर अवकाश होता. पंडिता रमाबाईंनी त्या साली अमेरिकेत हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि काशीबाई कानिटकरांनी पुढे त्यांचे मराठी चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची त्यांच्यावरची कादंबरी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. चित्रपटही 2019 साली निघाला.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविली. न्यूयॉर्क प्रांतातल्या पूकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या माणसांत, ती ठेवलेली आहे. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांच्या हातून तेथे एकही बाळंतपण झाले नाही. प्रसूतिशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध मात्र फिलाडेल्फियात अजून जपून ठेवलेला आहे.